पराभूताच्या घरची पत्रे

जुनी पत्रे म्हणजे इतिहासाची साधने, ही गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. दप्तरे धुंडाळून, कसर लागलेले कागद उलगडून राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला तो १८९८ साली. योगायोग असा, की त्याच वर्षी सप्टेंबरात, अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील नॅरॅगॅन्सेट पिअर या गावी एक चौतीस वर्षांची अविवाहित स्त्री मरण पावली आणि एका घराण्याच्या पत्रसंसारातील सर्वांत करुण पर्व संपले. तिचे नाव व्हरायना अॅन डेव्हिस. घरी तिला विनी म्हणत. अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा एकमेव अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस याची ती धाकटी कन्या.

यादवी युद्ध १८६१ ते १८६५ असे चार वर्षे चालले. ते दक्षिणेने गमावले, गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली आणि डेव्हिस मन्रो किल्ल्यात बंदिवान झाला. तेथे तो दोन वर्षे होता. त्या काळात पत्नी व्हरायना हिला त्याने लिहिलेली पत्रे अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जात. पति-पत्नीचा संवाद तिसऱ्याच्या देखत व्हावा, तसा हा प्रकार. राजकारण लिहिता येत नसे, म्हणून पत्रे मुलांच्या चौकशीने आणि ईश्वरावरील श्रद्धेने भरून जात. परक्याच्या नजरेची ही जाणीव त्या घराच्या लेखणीला जी चिकटली, ती पुढे कधीच पुरती सुटली नाही.

सुटकेनंतर घर उभे राहिले नाही. मेंफिस येथील विमा कंपनीतील नोकरी १८७३ साली संपली. चार मुलगे होते. त्यांतील एक तान्हेपणीच गेला, दुसरा १८६४ साली रिचमंडच्या घराच्या सज्जावरून पडून गेला, तिसरा १८७२ साली घटसर्पाने आणि चौथा १८७८ साली पीतज्वराने दगावला. कुटुंबातील माणसे एका छपराखाली फारशी राहिलीच नाहीत. नवरा एका गावी, बायको इंग्लंडात, विनी जर्मनीतील कार्ल्सरूहे येथील शाळेत. समुद्रापलीकडून येणारे टपाल हेच त्यांचे घर झाले होते, असे म्हटले तरी चालेल.

१८७७ साली सेरा डॉर्सी नावाच्या धनिक आणि विदुषी विधवेने मिसिसिपीच्या किनाऱ्यावरील आपल्या बोव्ह्वार या निवासस्थानी डेव्हिसला आश्रय दिला. तेथे बसून त्याने दक्षिणी सरकारच्या उदयास्ताचा ग्रंथ लिहावयास घेतला. मजकूर उतरून घेण्याचे काम सेराबाई करीत. हे वर्तमान व्हरायनाच्या जिव्हारी लागले. परदेशातून परतल्यावरही त्या घरी पाहुणी म्हणून जाण्यास तिने पत्रांतून स्वच्छ नकार दिला. नवऱ्याच्या कीर्तीसाठी आयुष्य वेचलेल्या स्त्रीचा तो मानभंग होता. अखेर १८७८ साली ती तेथे आली. पुढच्या वर्षी सेराबाई वारली आणि बोव्ह्वार डेव्हिसला देऊन गेली. ग्रंथ १८८१ साली छापून निघाला. त्या ग्रंथात डेव्हिस ताठ मानेने उभा आहे. घरच्या पत्रांत तोच पुरुष आजारी, कर्जाने गांजलेला आणि लेकीच्या पत्राची वाट पाहणारा दिसतो.

लेक १८८१ साली परत आली. तिचे शिक्षण युरोपातले, जर्मन भाषेचा संस्कार तिच्या बोलण्यावरही उतरलेला. तरी १८८६ साली वडिलांच्या दौऱ्यात जनरल गॉर्डनने जमावासमोर तिला उभे करून ‘फुटीर राज्यांची कन्या’ अशी पदवी दिली, आणि ती एका हरलेल्या पक्षाची जिवंत प्रतिमा होऊन बसली. प्रतिमेला मन असू नये, ही लोकांची अपेक्षा. विनीला मात्र ते होते. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूस गावच्या आल्फ्रेड विल्किन्सन या वकिलावर तिचे प्रेम जडले. तो उत्तरेचा तर होताच, पण गुलामगिरीविरुद्ध झगडलेल्या सॅम्युअल मे याचा नातू होता. बापाने आधी विरोध केला, मग लेकीची प्रकृती पाहून तो नमला. ६ डिसेंबर १८८९ रोजी तो वारला तेव्हा विनी युरोपात होती. पुढल्या वर्षी वाङ्निश्चय जाहीर होताच दक्षिणेतून संतापाची पत्रे येऊन पडू लागली. ज्यांनी तिला कन्या म्हटले, त्यांनीच पित्याचा हक्क गाजवला. त्याच वर्षी लग्न मोडले. विनीने पुन्हा लग्नाचा विचार केला नाही. मायलेकी न्यूयॉर्कला राहावयास गेल्या आणि लेखणीवर पोट भरू लागल्या. तेथेच व्हरायनाचा, दक्षिणेला ज्याने नमवले त्या जनरल ग्रँटच्या विधवेशी स्नेह जडला. विजेत्याची आणि पराजिताची पत्नी एकमेकींकडे जाऊ येऊ लागल्या. पुरुषांना जे साधले नाही ते त्यांना साधले.

या पत्रांनी मन हेलावते, यात संशय नाही. परंतु इतिहासाला तेवढ्यावर थांबता येत नाही. डेव्हिस घराण्याचे शेत ज्यांच्या घामावर पिकले, त्यांची पत्रे कोठे आहेत? दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणे हाच गुन्हा होता. जेथे अक्षरच नाही तेथे पत्र कोठून असणार? तरीही एक अपवाद आहे, आणि तो याच घराण्याच्या दारातला. डेव्हिसचा वडील बंधू जोसेफ याच्याकडे बेंजामिन मॉन्टगोमरी नावाचा बुद्धिमान, साक्षर गुलाम होता. युद्धानंतर, १८६६ साली, जोसेफने आपली शेते तीन लाख डॉलरांच्या कराराने त्यालाच विकली. कालच्या गुलामाने कालच्या धन्याला पीक, पूर आणि व्याज यांविषयी लिहिलेली पत्रे आजही वाचावयास मिळतात. बेंजामिन १८७७ साली वारला. दुसऱ्याच वर्षी न्यायालयाने त्यांतील एक शेत जेफर्सन डेव्हिसला परत दिले आणि १८८१ साली मॉन्टगोमरी कुटुंबाकडची जमीन गेली. त्याचा पुत्र आयझाया याने १८८७ साली माउंड बायू हे कृष्णवर्णीयांचे स्वतंत्र गाव वसवले.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सज्जनांना अर्पण केले, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेले लोक होते. पुण्यात बसून जोतीरावांना जे दिसले, ते बोव्ह्वारच्या ओसरीवर बसून डेव्हिसला अखेरपर्यंत दिसले नाही. आपल्या पक्षाचे काही चुकले, हे त्याने कधी मान्य केले नाही.

म्हणून ही पत्रे दोनदा वाचावी लागतात. एकदा त्यांत जे लिहिले आहे त्यासाठी: एका बापाची माया, एका पत्नीचा मान, एका मुलीचा मोडलेला संसार. आणि दुसऱ्यांदा त्यांत जे लिहिलेले नाही त्यासाठी. पहिल्या वाचनाने करुणा उपजते, दुसऱ्याने न्यायबुद्धी जागी होते. या दोहोंपैकी एकीलाही रजा दिली, तर हाती उरतात ते केवळ जुने कागद.