वाक्याच्या शेवटी उरलेले अव्यय

शाळेत असताना आमच्या इंग्रजीच्या वहीवर तांबड्या शाईच्या ज्या रेघा उमटत, त्यांतील पुष्कळशा 'प्रेपोझिशन' या एकाच जातीच्या शब्दांखाली असत. 'वुई डिस्कस्ड अबाउट द मॅटर' असे लिहिले की 'अबाउट'वर काट. 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?' असे लिहिले की 'ॲट' उचलून वाक्याच्या आरंभी नेण्याची आज्ञा. दोन्ही ठिकाणी शाई एकच, आणि मनाला वाटणारी शरमही एकच. या दोन चुका एका जातीच्या नव्हत्या, किंबहुना दुसरी मुळी चूकच नव्हती, हे कळावयास आम्हांला फार वर्षे लागली. व्याकरणकाराचे मत कोणते आणि भाषेचा खरा व्यवहार कोणता, हा भेद इंग्रजीत कसकसा उघड होत गेला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रेपोझिशन या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच 'पुढे ठेवलेले' असा आहे. आमच्या मराठीत 'घराजवळ', 'झाडाखाली' असे शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येऊन त्याला चिकटते; इंग्रजीत ते नामाच्या आधी, सुटे उभे राहते. परंतु इंग्रज माणूस बोलताना पुष्कळदा नाम आधी उच्चारतो आणि अव्यय शेवटी एकटे सोडून देतो. ही लकब फार जुनी आहे. तिच्यावर पहिला गाजलेला आक्षेप घेतला तो कवी जॉन ड्रायडन याने, 1672 साली. बेन जॉन्सनसारख्या मोठ्या नाटककाराच्या एका ओळीत अव्यय शेवटी आले म्हणून त्याने दोष काढला, आणि आपल्याही लेखनात तोच दोष असल्याचे कबूल केले. तेवढ्यावर तो थांबला नाही. नाट्यकाव्यावरील आपल्या 1668 च्या प्रसिद्ध निबंधाची नवी आवृत्ती 1684 मध्ये निघाली, तेव्हा त्याने अशी वाक्ये शोधून बदलली. आपले इंग्रजी शुद्ध आहे की नाही हे लॅटिनमध्ये भाषांतर करून ताडून पाहण्याची त्याला सवय होती. लॅटिनमध्ये असे अव्यय वाक्याच्या शेवटी एकटे सोडता येत नाही. तेव्हा शेजारणीच्या मापाने शिवलेला अंगरखा इंग्रजीला घालण्याचा हा प्रकार होता, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे 1762 मध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मोपदेशकाचे छोटे व्याकरण निघाले. या नियमाचे सारे खापर लोक लाउथच्या माथी फोडतात. पण ते न्यायाचे नाही. शेवटी अव्यय ठेवण्याकडे इंग्रजीचा ओढा आहे आणि नित्याच्या बोलण्यात ते शोभते, हे त्याने मान्य केले होते. गंभीर लेखनात मात्र ते आधी ठेवलेले बरे, एवढेच त्याचे म्हणणे. गंमत अशी की, ज्या वाक्यात त्याने हा ओढा सांगितला, ते वाक्य त्याने अव्ययानेच संपविले! मग 1795 मध्ये लिंडले मरेचे व्याकरण आले. त्याने लाउथचे विधान घेतले, आणि घेताना ते शेवटचे अव्यय उचलून वाक्याच्या पोटात सरकवून दिले. मरेचे पुस्तक शाळाशाळांतून गेले. लाउथची जी आवड होती, ती एकोणिसाव्या शतकातील पंतोजींच्या हाती कायदा झाली. इतिहासात असे वारंवार घडते. सल्ला देणारा विसरला जातो आणि सल्ल्याचा हुकूम होतो.

परंतु याच काळात दुसरा एक प्रवाहही वाहत होता. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशात शब्दांचे अर्थ ठरविताना लेखकांची एक लाखाहून अधिक अवतरणे पुराव्यादाखल दिली. 'कम ऑफ', 'सेट इन' अशा जोड्या परकीयास सर्वांत अवघड जातात, हे ओळखून त्या त्याने मुद्दाम टिपल्या. 1857 पासून लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने नव्या कोशासाठी वाचकांकडून चिठ्ठ्या मागविण्यास आरंभ केला. हाच पुढे जेम्स मरे आदी संपादकांच्या हाताखाली 1884 ते 1928 या काळात खंडशः निघालेला ऑक्सफर्ड कोश. त्याच्या मुळाशी लक्षावधी चिठ्ठ्या होत्या. पुरावा असा साचत गेला तसा हुकमाचा जोर ओसरला. 1926 मध्ये फाउलरने आपल्या प्रसिद्ध कोशात शेवटच्या अव्ययावरील बंदी ही अंधश्रद्धाच ठरविली.

तथापि, बंदी खोटी ठरली म्हणून खरी रीत कळली असे होत नाही. कोणत्या क्रियापदाबरोबर कोणते अव्यय येते, हा प्रश्न इंग्रजांपेक्षा परक्यांनाच अधिक छळतो. म्हणून त्याचे व्यवस्थित उत्तरही परदेशातच तयार व्हावे, हे स्वाभाविक होते. जपानात इंग्रजी शिकविणारे ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह 1942 मध्ये टोकियोत एक कोश काढला आणि त्यात क्रियापदांचे 25 साचे मांडले. क्रियापद ज्या साच्यात बसते त्याच्यासकट ते शिकावे, हा त्यांचा आग्रह होता.

त्यानंतर मोजणीचे युग आले. 1959 मध्ये रँडॉल्फ क्वर्क यांनी इंग्रजी व्यवहाराची पाहणी आरंभली. तिच्या दहा लाख शब्दांपैकी निम्मे बोलीतून घ्यावयाचे ठरले. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात फ्रान्सिस आणि कुचेरा यांनी 1961 साली छापलेल्या मजकुराचे दोन-दोन हजार शब्दांचे 500 नमुने संगणकावर चढविले. आणि येथे आपल्या घराशी नाते जुळते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी त्याच धर्तीवर, 1978 साली भारतात छापलेल्या इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संग्रह सिद्ध केला. जगभरचे अभ्यासक त्यास 'कोल्हापूर कॉर्पस' म्हणतात. भारतीयांचे इंग्रजी ही नुसती हसण्याची बाब न राहता मोजण्याची आणि समजून घेण्याची बाब झाली, ती अशा कामामुळे.

मोजणीतून काय हाती आले? बर्मिंगहॅमच्या जॉन सिंक्लेअर यांच्या परंपरेतील अभ्यासकांनी 1996 मध्ये क्रियापदांच्या साच्यांचा मोठा ग्रंथ काढला. त्यातून दिसले ते असे की, एका साच्यात बसणाऱ्या क्रियापदांचे अर्थही बहुधा सगोत्र असतात. 'थ्रो टु' म्हणजे झेलावा म्हणून फेकणे, 'थ्रो ॲट' म्हणजे लागावा म्हणून फेकणे. 'शाउट टु' म्हणजे दूरच्याला ऐकू जावे म्हणून हाक मारणे, 'शाउट ॲट' म्हणजे त्याच्यावर ओरडणे. शाळेत ज्या जोड्या आम्ही पाढ्यांसारख्या घोकल्या, त्यांच्या मागे पुष्कळ ठिकाणी असा अर्थ उभा होता. तो कोणी दाखविला नाही एवढेच.

आता पुन्हा त्या वहीकडे वळू. 'लुकिंग ॲट'वरील काट रद्द झाली पाहिजे. ती ड्रायडनच्या लॅटिनवेडाची दूरवर पडलेली सावली होती. 'डिस्कस्ड अबाउट'चे काय? जाणत्या लेखकांच्या छापील इंग्रजीत 'डिस्कस'पुढे बहुधा सरळ कर्मच येते; म्हणून ती दुरुस्ती योग्यच होती. पण आमचे लिहिणे मूर्खपणाचे नव्हते. 'विषयी चर्चा करणे' ही मराठीची रीत पाठीशी होती, आणि खुद्द इंग्रजीतही 'टॉक अबाउट', 'डिस्कशन अबाउट' हे चालतेच. मूल चुकले ते नियमाचा शोध घेता घेता चुकले.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. भाषेत सारे काही चालते असे नाही, आणि पुस्तकात छापले ते सारे बंधनकारकही नाही. तांबडी शाई उचलणाऱ्याने आधी स्वतःस विचारावे की, या रेघेमागे लोकांचा व्यवहार उभा आहे की कोणा एकाची आवड? ज्या रेघेमागे व्यवहार आहे ती मुलाला शिकविते. जिच्यामागे नुसती आवड आहे ती त्याला लाजविते, आणि लाजलेले मूल पुढे तोंड उघडीत नाही.