पांझरेचा सांडम आणि माझं फंक्शन

गेल्या आठवड्यात माझ्याच एका फंक्शनने मला तोंडघशी पाडलं. काम साधं होतं, दिवसभराच्या ऑर्डर्सची यादी द्यायची. पण डेटाबेसशी संपर्क तुटला की ते गुपचूप रिकामी यादी परत करायचं. टीममधल्या एका ज्युनिअरने ते वापरलं आणि "आज एकही ऑर्डर नाही" असा रिपोर्ट थेट क्लायंटकडे गेला. बोलणी तिने खाल्ली, चूक माझी होती.

शनिवारी गावी, साक्री तालुक्यात गेलो, तरी डोक्यात तेच. पांझरेच्या काठावर उभा होतो आणि एकदम फड पद्धत आठवली.

आपल्या खान्देशातली ही तीन-चारशे वर्षांपूर्वीची व्यवस्था. नदीवर बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग आणि तिथून शेतात पाणी. पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग पाडायचे, साधारण चार. तेच फड. एका फडात एकच पीक, म्हणजे सगळ्या फडाला पाणी एकाच हिशोबाने लागतं. पाणी द्यायला गावाने नेमलेला पाटकरी. आपल्या शेताला काय मिळणार, हे शेतकऱ्याला बंधाऱ्यापर्यंत न जाताच माहीत!

मला खरी गंमत वाटते ती टोकाच्या केसेसची. पाणी जास्त झालं तर? त्यासाठी सांडम, म्हणजे जादा पाणी काढून द्यायची वाट, आधीच बांधलेली. कमी पडलं तर? यंदा कोणते फड भिजवायचे आणि कोणते कोरडे ठेवायचे, ते गाव ठरवतं. सगळीकडे थोडं थोडं पाणी फिरवून सगळ्यांचीच पिकं वाळवायची नाहीत. पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या आणि बरेच फड मोडले. असो.

आता सी भाषेतलं गेट्स (बिल नव्हे, फंक्शन!) आठवा. ते एक ओळ वाचतं, पण ठेवायला जागा किती आहे हे त्याला सांगायची सोयच नाही. म्हणजे सांडमच नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिसच्या वर्मने हेच हेरलं. फिंगर सेवेच्या ५१२ बाइटच्या जागेत त्याने ५३६ बाइट ओतले आणि बाहेर सांडलेल्या बाइट्सनी मशीनचा ताबा घेतला. तरीही हे फंक्शन भाषेच्या मानकातून निघायला २०११ उजाडलं. त्याच्या जागी वापरायचं एफगेट्स जागा किती ते विचारतं, न मावलेलं पुढच्या वाचनासाठी ठेवतं. मात्र ओळ संपल्याची खूण गेट्स टाकून द्यायचं, हे ठेवून घेतं. दोन सख्खे भाऊ, दोन तऱ्हा. यात किती जणांच्या रात्री गेल्या असतील!

सोमवारी आल्या आल्या फंक्शन बदललं. संपर्क तुटला तर आता ते सरळ एरर देतं. रिकामी यादी आली, तर त्या दिवशी खरोखरच ऑर्डर नाही. ज्युनिअरला दाखवलं, तर तिचा पहिला प्रश्न, "आणि अर्ध्यात तुटला तर?"

त्यावर अजून बसलोय.