गायनशाळा, आमचे गुरुजी आणि माझी एक सही



परवा संध्याकाळी सुरसागराच्या बाजूने घरी येत होतो. गायनशाळेतून कुणीतरी नवशिका पलटे घोटत होता. सारेग, रेगम, गमप... एकाच जागी घसरायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. मी पाच-सात मिनिटं तिथेच उभा राहिलो. पाटीवर आता ‘फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स’ असं लिहिलंय, पण आम्हा जुन्या बडोदेकरांच्या तोंडी अजून ‘गायनशाळा’च आहे. त्या पोराचं ऐकताना बरंच काही आठवलं, आणि एक गोष्ट कबूल करायची राहून गेली आहे तीही आठवली. म्हणून हे लिहितो आहे.

आधी थोडा इतिहास. ही शाळा सयाजीराव महाराजांनी १८८६ साली सुरू केली. नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आलेल्या या राजाच्या हाती पूर्ण कारभार आला तो १८८१ च्या डिसेंबरात. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा त्यांचा गाजलेला प्रयोग अमरेलीत झाला १८९३ साली, आणि सगळ्या राज्यात सक्ती आली ती १९०६ च्या सुमारास. म्हणजे गाण्याची शाळा त्याच्याही सात वर्षं आधीची! आधी पोट भरू दे, मग गाणं, असा हिशोब महाराजांनी केला नाही.

शाळा सोपवली उस्ताद मौलाबक्षांकडे. माणूस मूळचा उत्तरेकडचा, पण म्हैसूरकडे जाऊन कर्नाटक संगीतही शिकून आलेला. त्या काळी गाणं शिकायचं म्हणजे उस्तादाचा गंडा बांधायचा, वर्षानुवर्षं घरी राबायचं, आणि त्यांची मर्जी असेल तेव्हा पदरात पडेल ते घ्यायचं. कारकुनाच्या, मास्तराच्या पोराला ते जमणार कसं? मौलाबक्षांनी स्वरलिपी बसवली, पाठ्यपुस्तकं केली आणि वर्ग भरवला. फळा, हजेरी, परीक्षा, सगळं रीतसर. त्यांच्याच घरात वाढलेला त्यांचा नातू इनायत खान १९१० साली पश्चिमेकडे गेला आणि सूफी संत म्हणून जगभर नावाजला. पुढे १९१६ साली पं. भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, तीही आमच्या बडोद्यातच.

वहीतून गाणं येत नाही, असं जुने उस्ताद म्हणत. खरंच आहे ते. वहीतून फैयाज खाँ तयार होत नाहीत. पण शाळेचं काम ते नव्हतंच. याचा पुरावा म्हणून मी स्वतःलाच पुढे करतो.

साठच्या दशकात आमच्या मराठी शाळेत आठवड्याला दोन तास संगीत असायचं. गुरुजी गायनशाळेतच शिकलेले. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि भाता जरा फुसफुसणारी पेटी. फळ्यावर स्वर लिहायचे: कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब. चाळीस पोरं, त्यात माझा आवाज सगळ्यांत भसाडा. पहिल्याच महिन्यात गुरुजींनी हात वर करून मला थांबवलं. वाटलं, आता बाहेर काढणार. ते म्हणाले, “तू गाऊ नकोस. इथे पुढे बस आणि ताल धर.”

झालं! पुढची चार वर्षं मी हातावर त्रिताल मोजला. सोळा मात्रा, चार खंड, नवव्या मात्रेला खाली, फिरून समेवर. पोरं कुठेही भरकटली तरी सम सांगायचं काम माझं. पुढे बँकेत दिवसअखेरी कॅश टॅली व्हायची, तेव्हा मला नेमकी ती समच आठवायची.

मी एक ओळही कधी सुरात गायलो नाही. पण भूप आणि देशकार, दोघांचे पाच स्वर तेच, तरी भूपात गांधारावर मुक्काम आणि देशकारात धैवतावर, हे आजही मला कानाने कळतं. बदलीच्या गावी एकट्याने खोलीवर राहत होतो, तेव्हा रात्री रेडिओ हीच सोबत होती. ते ऐकायचं कसं, हे त्या दोन तासांत मिळालं होतं.

आणि आता ती कबुली.

नव्वदीच्या अखेरीस मी एका शाळेच्या कमिटीवर खजिनदार होतो. शाळेचं नाव लिहीत नाही. तिथल्या संगीत शिक्षिका निवृत्त झाल्या. नव्या माणसाचा पगार कमिटीलाच द्यावा लागणार होता, आणि पालकांना कॉम्प्युटर हवे होते. टिपण मीच लिहिलं: संगीताच्या तासावर खर्च होतो, निकालावर परिणाम दिसत नाही, पद भरू नये. ठराव पास झाला. दोन वर्षांनी पेटी आणि तबल्याच्या दोन जोड्या डेड स्टॉक रजिस्टरमधून कमी केल्या. त्यावरही सही माझीच आहे.

त्यानंतरच्या एका पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला, स्पीकरवर राष्ट्रगीताची कॅसेट लागली आणि दुसऱ्याच ओळीला लाइट गेली. पोरं गप्प झाली. मग कुणी वरच्या पट्टीत सुरू केलं, कुणी खालच्या. पाचशे पोरांत आणि वीस शिक्षकांत एक सूर देणारं कुणी नव्हतं. मीही मान खाली घालून उभा होतो. आमच्या वेळी पेटी नसली तरी गुरुजी नुसता ‘सा’ लावायचे आणि अख्खं मैदान त्यांच्या मागे जायचं. घरी येऊन ही ला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, “अहो, पेटी तुम्हीच विकलीत ना?”

२०२० च्या शिक्षण धोरणात लिहिलंय की कला आणि विज्ञान, अभ्यास आणि अभ्यासेतर अशा भिंती नकोत. वाचून बरं वाटलं. पण धोरण दिल्लीत ठरतं, आणि तास मात्र माझ्यासारख्या खजिनदाराच्या टिपणाने बंद पडतो. तुमच्यापैकी जे शाळांच्या कमिट्यांवर आहेत, त्यांना एका कॉमर्सवाल्याची विनंती: संगीताचा खर्च लिहाल तेव्हा समोरच्या बाजूला काय लिहायचं, याचा जरा विचार करा. ती बाजू मी कोरी ठेवली होती.

गेल्या महिन्यात त्या शाळेला एक पेटी घेऊन दिली. शिकवायला गायनशाळेतली एक मुलगी आठवड्यातून दोनदा जाते. परवा मी सहज डोकावलो. मागच्या बाकावरचा एक पोरगा चांगलाच बेसूर होता. तिला म्हटलं, “बेटा, त्याला ताल धरायला बसव.”

तुमच्या शाळेत गाण्याचा तास होता का? कोण शिकवायचं? आठवत असेल तर खाली जरूर लिहा.