डावे, उजवे आणि दुसरा अक्ष

एखाद्याला आपण डावा किंवा उजवा म्हणतो, तेव्हा खरे तर त्याची बसण्याची जागा सांगत असतो. १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार असावा की नाही, यावर वाद चालला होता. असावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजवीकडे बसू लागले, विरोधक डावीकडे. त्या एका प्रश्नापुरती एक रेषा पुरेशी होती.

पुढे प्रश्न वाढले, रेषा मात्र तीच राहिली. विसाव्या शतकात रेषेच्या दोन्ही टोकांना हुकूमशाही राजवटी दिसू लागल्या. त्यांच्यातील साम्य त्या रेषेवर दाखवता येईना.

लंडनमधील मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी १९५४ मध्ये दुसरा अक्ष सुचवला. लोकांना अनेक विधाने देऊन त्यांची सहमती विचारायची आणि कोणती उत्तरे जोडीने बदलतात हे गणिताने शोधायचे, अशी त्यांची पद्धत होती. सुधारणावादी-परंपरावादी या अक्षाला छेदणारा 'कठोर मन-मृदू मन' हा अक्ष त्यांनी काढला आणि कम्युनिस्ट व फॅसिस्ट दोघांनाही कठोर बाजूला ठेवले. १९५६ मध्ये मिल्टन रोकीच व चार्ल्स हॅन्ली या अमेरिकी संशोधकांनी त्यांच्या पद्धतीवर आणि या निष्कर्षावर आक्षेप घेतला. अक्ष निसर्गातून आयता मिळत नाही. कोणती विधाने निवडली आणि गुण कसे दिले, यावर तो ठरतो.

रोकीच यांनी पुढे वेगळी वाट धरली. राजकीय लिखाणाचे उतारे घेऊन त्यांत १७ मूल्यांचा पुरस्कार किती वेळा येतो, हे त्यांनी मोजले. १९७३ च्या त्यांच्या ग्रंथात स्वातंत्र्य व समता या दोन मूल्यांचे क्रम असे दिसतात :

समाजवादी लेखक : स्वातंत्र्य १, समता २
लेनिन : स्वातंत्र्य १७, समता १
गोल्डवॉटर (अमेरिकेतील परंपरावादी नेते) : स्वातंत्र्य १, समता १६
हिटलर : स्वातंत्र्य १६, समता १७

आता फक्त समतेचा क्रम पाहू. लेनिन समाजवाद्यांशेजारी येतात आणि गोल्डवॉटर चक्क हिटलरशेजारी. स्वातंत्र्याचा अक्ष जोडताच चौघे चार कोपऱ्यांत जातात. एका रेषेने ही माणसे जवळ आणली नव्हती, त्यांच्यातील अंतर फक्त झाकले होते.

अर्थात, मोजले गेले ते शब्द, आचरण नव्हे. शिवाय दोन अक्षही अखेरचे नाहीत. धर्म, राष्ट्र, पर्यावरण यांविषयीची मते त्यांत मावतीलच असे नाही.

आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य व समानता शेजारी-शेजारी आहेत. नागरिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर हे दोन अक्ष काढून पाहावेत. विद्यार्थ्यांनी आपला बिंदू वहीतच ठेवावा, पण तो तेथे का आला हे सांगणारे एक विधान लिहावे. मग विचारावे : या आलेखावर न मावणारे तुमचे मत कोणते? त्या उत्तरातून पुढचा अक्ष सापडेल.