शाळेतील मानसशास्त्रज्ञ : नागपाडा ते मीरा रोड

"आमचा मुलगा काही वेडा नाही. त्याला मानसशास्त्रज्ञाकडे कशाला न्यायचे ?" पालकसभेत हे वाक्य प्रत्येक शिक्षकाने कधी ना कधी ऐकलेले असते. त्यात राग कमी आणि भीती अधिक असते. मुलावर शिक्का बसेल, नातेवाईक बोलतील, पुढे लग्नाच्या वेळी अडचण येईल, अशी ही भीती. ती समजून घेतलीच पाहिजे. परंतु हे काम मुळात कसे सुरू झाले ते पाहिले असता असे दिसून येते की, शाळेतील मानसशास्त्रज्ञ वेड्यांच्या इस्पितळातून आलेला नाही. तो एका शिक्षिकेच्या शंकेतून आलेला आहे.

१८९६ सालची गोष्ट. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील एका शिक्षिकेने चौदा वर्षांच्या एका विद्यार्थ्याला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्राध्यापक लाइटनर विटमर यांच्याकडे आणले. मुलाला शब्दांचे स्पेलिंग काही केल्या येत नव्हते. विटमर यांनी तपासणी केली, तेव्हा मुलाच्या दृष्टीत दोष आढळला. त्याला चष्मा दिला गेला आणि त्याच्यासाठी शिकवण्याची वेगळी पद्धत योजण्यात आली. त्याच वर्षी विटमर यांनी विद्यापीठात मुलांसाठी मानसशास्त्रीय केंद्र सुरू केले. "हा मुलगा शिकत का नाही ?" असे त्या बाईंनी विचारले, आणि त्या प्रश्नातून एक नवे शास्त्र उभे राहिले.

वास्तविक ही दृष्टी आपल्या परंपरेला अगदीच परकी नाही. इब्न खल्दून यांनी १३७७ साली लिहिलेल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात विद्यार्थ्यांशी कठोरपणे वागण्याच्या दुष्परिणामांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. सततच्या धाकाने मूल आळशी होते आणि मार चुकवण्यासाठी खोटे बोलू लागते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. छडीखाली शिकलेल्या कोणालाही तो पटेल.

पुढे १९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी बुद्धिमापनाची पहिली चाचणी तयार केली. कोणत्या मुलांना जादा मदतीची गरज आहे, हे ओळखणे हा तिचा हेतू होता. परंतु पॅरिसच्या मुलाला विचारलेला प्रश्न आपल्या मुलाला जसाच्या तसा विचारून कसे चालेल ? म्हणून व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी ही चाचणी नव्याने बेतली. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेतच त्याला तपासले पाहिजे, हा त्यातला धडा आपल्यासाठी मोलाचा आहे. घरी दखनी किंवा कोकणी, मोहल्ल्यात हिंदी आणि शाळेत उर्दू, मराठी किंवा इंग्रजी अशा तीन-तीन भाषांत आपली मुले वाढतात. एका भाषेत अडखळणाऱ्या मुलाला 'ढ' ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता मुंबईकडे वळू. १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे होते, आणि संस्थेचे काम सुरू झाले ते भायखळ्याजवळच्या नागपाडा नेबरहुड हाऊसमध्ये. पुढे हीच संस्था टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या नावाने देशभर प्रसिद्ध झाली. या संस्थेने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. ते भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र मानले जाते. अशा केंद्रांत मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता असे तिघे मिळून एका मुलाचा विचार करतात. मुलाचे घर कसे आहे, त्याला झोप पुरेशी मिळते का, वडिलांना काम आहे का, हेही पाहिले जाते. नंतरच्या काळात हे केंद्र वाडिया बालरुग्णालयाशी जोडले गेले.

नागपाडा हे नाव आपल्या वाचकांना सांगावे लागत नाही. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे नागपाडा, मदनपुरा, डोंगरी या भागांतूनच मीरा रोडला आली. म्हणजे देशात हा विचार ज्या संस्थेने रुजवला, ती आपल्या वाडवडिलांच्या गल्लीशेजारी जन्मली होती, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. जी गोष्ट आपल्या दारात सुरू झाली, तिलाच आज आपण परकी मानतो !

दुसरे उदाहरण पारशी समाजाचे आहे. १९४७ साली मुंबईच्या पारशी पंचायतीने आपल्या तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढले. कोणत्या मुलाचा कल कशाकडे आहे, हे चाचण्यांनी पाहून त्याला वाट दाखवण्याचे काम एका समाजाने सरकारची वाट न पाहता हाती घेतले. १९५० साली मुंबई सरकारनेही असे केंद्र सुरू केले. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने मार्गदर्शन हे सर्वच विद्यार्थ्यांसाठी असावे असे म्हटले, आणि दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक नेमावा अशी व्यवहार्य सूचना केली. बी.एड.च्या परीक्षेत आम्ही ही शिफारस पाठ करून लिहिली. शाळेत आल्यावर मात्र तो समुपदेशक आम्हाला क्वचितच दिसला.

मीरा रोडला त्याची गरज इतरांपेक्षा कमी नव्हती. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली आणि २००२ साली महानगरपालिका. या मधल्या काळात, विशेषतः १९९२-९३ च्या दंगलींनंतर, मुंबईतून अनेक मुस्लिम कुटुंबे येथे राहायला आली. मोठ्यांनी घर शोधले, दुकान शोधले. लहान मुलांची शाळा सुटली, मित्र सुटले, आणि काहींनी जे पाहू नये ते पाहिले होते. "काय झाले ?" असे त्यांना स्वस्थपणे विचारणारे माणूस किती शाळांत होते ? आजही अनेक घरांत वडील पहाटेची लोकल धरतात आणि मुले झोपल्यावर परततात. अशा घरातील मूल वर्गात गप्प बसले, तर तो त्याचा उद्धटपणाच असतो असे नाही.

येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात आठवीचा एक विद्यार्थी होता. इतिहासाचा प्रश्न तोंडी विचारला की तो फडाफडा उत्तर देई. लेखी पेपर मात्र जवळजवळ कोरा. मी त्याला आळशी म्हटले, चारचौघांत उभे केले. पुढे बाहेरून आलेल्या एका समुपदेशक बाईंनी त्याच्याशी तासभर बोलून त्याला तपासणीसाठी पाठवले, तेव्हा त्याला अध्ययन अक्षमता असल्याचे निष्पन्न झाले. अक्षरे त्याच्या डोळ्यांसमोर होती, पण त्यांचा मेळ बसत नव्हता. ज्याला मी शिक्षा करत होतो तो माझ्या वर्गातील सर्वांत कष्टाळू मुलगा होता. त्याच्या आईने तेव्हा एवढेच म्हटले, "सर, हे दोन वर्षे आधी कळले असते तर !" ते वाक्य अजून माझ्या कानांत आहे.

अशा मुलांना महाराष्ट्रात शालान्त परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती देण्यास १९९६ पासून सुरुवात झाली. २००७ सालच्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने हा विषय घराघरांत पोहोचवला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश झाला. आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवावा, असे त्यात सांगितले आहे. कोठारी आयोगाची शिफारस जवळजवळ साठ वर्षांनी न्यायालयाच्या तोंडून पुन्हा ऐकू आली.

शाळेतील मानसशास्त्रज्ञ नेमके काय करतो, हेही पालकांनी समजून घ्यावे. तो औषधे देत नाही. ते मनोविकारतज्ज्ञाचे काम. तो मुलाशी बोलतो, वर्गात त्याचे निरीक्षण करतो, गरज पडल्यास चाचण्या घेतो, शिक्षकाला अध्यापनात बदल सुचवतो आणि आई-वडिलांना विश्वासात घेतो. मुलाने सांगितलेली गोष्ट तो चारचौघांत उघड करत नाही. मात्र मुलाच्या जिवाला धोका दिसल्यास पालकांना सांगणे हे त्याचे कर्तव्यच ठरते.

प्रत्येक शाळेला पूर्णवेळ माणूस परवडणार नाही, ही अडचण खरी आहे. परंतु आपल्या परिसरातील काही शाळांनी एकत्र येऊन एक प्रशिक्षित व्यक्ती नेमणे अशक्य नाही. पारशी पंचायतीला जे १९४७ साली जमले ते आपल्याला आज का जमू नये ? आपल्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे. तिच्या अनुभवाचा लाभ घेता येईल. तोपर्यंत मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे विनामूल्य क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहिलेले असावेत.

विद्यार्थी मित्रांनो, मनावर ओझे असेल तर ते एखाद्या विश्वासाच्या शिक्षकाला सांगण्यात कमीपणा नाही. आणि पालकांना विनंती एवढीच की, पुढच्या पालकसभेत शिक्षकाने तुमच्या मुलाला मानसशास्त्रज्ञाला दाखवा असे सुचवले, तर फिलाडेल्फियाच्या त्या बाईंची आठवण ठेवावी. त्यांनी मुलावर शिक्का मारला नव्हता. त्यांनी त्याची आशा सोडली नव्हती, एवढेच.