पदपथवासी व कायदा
पदपथवासी : निवाऱ्याअभावी सार्वजनिक पदपथावर आडोसा उभारून राहणारे लोक. मुंबईत रोजगाराच्या ठिकाणानजीक राहण्याच्या निकडीतून अशा वस्त्या वाढल्या. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३१४ अन्वये पदपथावरील अतिक्रमण पूर्वसूचनेविना हटविण्याचा अधिकार आयुक्तास आहे. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, पदपथवासीयांना हटवून मूळ गावी वा शहराबाहेर पाठविण्याचा निर्णय शासनाने जाहीर केला. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस व इतरांनी याचिका दाखल केल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी निर्णय दिला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निर्णयानुसार, संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही अंतर्भूत होतो. तथापि पदपथावर घर बांधण्याचा हक्क कोणासही नाही. कलम ३१४ वैध ठरले; परंतु पूर्वसूचनेविना कारवाई हा केवळ अपवाद असावा, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पावसाळ्यातील हाल टळावेत म्हणून ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत झोपड्या हटविण्यास मनाई करण्यात आली. १९७६ च्या गणनेत नोंदलेल्यांना पर्यायी जागा देण्याचा आदेश झाला. मात्र ती देणे ही हटविण्याची पूर्वअट मानली नाही. परिणामी उपजीविकेच्या हक्कास संविधानाचा आधार मिळाला, तरी पदपथवासीयांचा निवारा अनिश्चितच राहिला.