मारोसाँचे सामाईक मद्यगृह

वाईनचा कारखाना पाहायला जाण्याची हौस आता नाशिकच्या वाटेने आपल्याकडेही आली आहे. पहिल्यांदाच जाणाऱ्याला तेथे पेला कसा धरावा, वास कसा घ्यावा, हे अगत्याने शिकवतात. मी दारूचा मित्र नव्हे. पगाराच्या रात्री गुत्त्यावर काय होते ते कामगारवस्तीत पुष्कळ पाहिले आहे. तथापि नवख्याने पेल्याआधी विचारावा असा एक प्रश्न आहे : हा हौद कोणाच्या मालकीचा? त्याच्या उत्तरासाठी मी आपल्याला दक्षिण फ्रान्समध्ये, बेझिये शहराजवळच्या मारोसाँ या गावी नेणार आहे.

१९०५ साली समाजवादी पुढारी ज्याँ झोरेस हे गाव पाहायला गेले आणि आपल्या ‘ल्युमानिते’ या पत्रात त्यांनी त्यावर लिहिले. तेथे कोणा सरदाराचा वाडा नव्हता. एली काताला याच्या पुढाकाराने १९०१ साली लहान द्राक्षबागायतदारांनी सहकारी संस्था काढली होती. आधी ते आपली वाईन एकत्र विकू लागले. व्यापाऱ्याला वगळून थेट पॅरिसच्या ग्राहक सहकारी भांडारांना. मग १९०५ साली सर्वांचे मिळून मद्यगृह उभे राहिले. ‘सर्व प्रत्येकासाठी, प्रत्येक सर्वांसाठी’ ही अक्षरे त्याच्या दर्शनी भिंतीवर आहेत.

अशा मद्यगृहात नवख्याने काय पाहावे? प्रथम काटा. गाडी येते, द्राक्षे तोलली जातात, रसातली साखर मोजली जाते. कारण जितकी साखर जास्त, तितके पुढे मद्यार्क जास्त. मग द्राक्षे चेचतात. तांबडी वाईन करायची तर साले रसातच ठेवतात, कारण रंग सालीत असतो; पांढरीसाठी रस लगेच वेगळा काढतात. पुढचे काम यीस्ट करते. साखर खाऊन ते मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. हौद उकळल्यासारखा फसफसतो आणि तापतो. फार तापला तर यीस्टच मरते व माल बिघडतो. उष्ण प्रदेशात हे भय मोठे.

तो वायू हवेपेक्षा जड. रस काढून घेतल्यावर तळाशी राहिलेला चोथा उपसायला माणूस हौदात उतरतो, आणि वायू तेथेच साचलेला असतो. म्हणून जुने कामगार आधी पेटती मेणबत्ती खाली सोडत. ती विझली की उतरायचे नाही. आपल्या शहरांत गटारात उतरणाऱ्यांसाठी एवढीही काळजी कितीदा घेतली जात नाही, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. द्राक्ष थांबत नाही. तोडले की त्याची काही दिवसांत विल्हेवाट लावावीच लागते. ज्याच्याजवळ हौद नाही, त्याने व्यापारी म्हणेल त्या दराने माल द्यायचा. हौद असला की द्राक्षाची वाईन होते, आणि वाईन थांबू शकते. तिचा मालकही थांबू शकतो. संपात ज्या संघटनेजवळ शिल्लक निधी असतो, तिच्याशी मालक वेगळ्या सुरात बोलतो. तसाच हा प्रकार. मारोसाँच्या लोकांनी विटा-चुन्याने बांधली ती ही थांबण्याची ताकद.

तिची गरज का पडली? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधले मळे उद्ध्वस्त केले. अमेरिकन खुंटावर कलमे बांधून ते पुन्हा उभे राहिले, पण मग पीक वारेमाप आले. अल्जीरियाची वाईन येतच होती. त्यात १९०३ साली साखरेवरचा कर उतरला आणि साखर-पाणी घालून वाईन फुगवणाऱ्यांचे फावले. भाव कोसळला. ११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिये गावाहून मार्सेलँ आल्बेर ८७ माणसे घेऊन नार्बोनला निघाला. ९ जूनला माँपेलियेत लाखोंचा समुदाय जमला. पंतप्रधान क्लेमाँसो यांनी फौज पाठवली आणि नार्बोनमध्ये गोळीबारात माणसे पडली. तेव्हा सतराव्या पायदळ पलटणीचे सुमारे पाचशे शिपाई बंड करून आग्दहून रातोरात चालत बेझियेला आले. ती त्याच मुलखातली शेतकऱ्यांची पोरे होती. पुढे त्यांची रवानगी ट्युनिशियातल्या गाफ्सा येथे झाली. सरकारने मात्र २९ जूनला भेसळीविरुद्ध कायदा केला, आणि त्याच वर्षी ताज्या द्राक्षांच्या किंवा त्यांच्या रसाच्या आंबण्यातून होते तीच वाईन, अशी व्याख्या ठरली.

या चळवळीचे गोडवे गाताना एक गोष्ट लोक सहसा सांगत नाहीत. १९०७ च्या मोर्च्यांत मोठा जमीनदार आणि त्याचा मजूर एकाच झेंड्याखाली चालले. पण तीनच वर्षांपूर्वी, १९०४ साली, त्याच मळ्यांतल्या मजुरांनी मजुरीसाठी त्याच मालकांविरुद्ध संप केले होते. मद्यगृहाचा सभासद होतो तो द्राक्षे घालणारा. केवळ तोडणी करणारा नव्हे. आपल्याकडे १९५० साली लोणीला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्याच धर्तीवर पुढे कितीतरी उभे राहिले, आणि ऊस उत्पादक त्यांचा मालक झाला. हे मोठेच काम झाले. पण दरसाल बीडकडून बैलगाडी जुंपून येणारी कोयत्याची जोडी त्या कारखान्याच्या सभासदांच्या यादीत नसते. ती मुकादमाच्या उचलीच्या वहीत असते.